दुकाने व गोदामांची लोखंडी शटरे : जोडसामानाची व चालविण्याच्या पद्धतीची निवड

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकातील दोन सीमावर्ती जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. उदगीर, देवणी, निलंगा, उमरगा, अक्कलकोट या महाराष्ट्रातील तालुक्यांशी त्यांचा व्यापार-उदीम पूर्वापार चालत आलेला आहे. भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद येथील जुन्या पेठांत दुकानांना एकेकाळी लाकडी फळ्यांची दारे असत. क्रमांक घातलेल्या फळ्या सायंकाळी खोबणीत एकामागून एक बसवावयाच्या व शेवटच्या फळीला आडणा घालून कुलूप लावावयाचे, अशी ती रीत होती. या फळ्यांची जागा आता गुंडाळल्या जाणाऱ्या लोखंडी दाराने घेतली आहे. या भागातील मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही बोलींत त्याला एकच नाव आहे : शटर.

बिदरचा गांधी गंज असो वा कलबुर्गीचा नेहरू गंज, तेथील अडत दुकाने, तुरीची गोदामे व डाळ गिरण्या यांचा माल रात्रभर या दाराच्या भरवशावर असतो. गुलबर्गा तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने या मालाचे महत्त्व अधिकच वाढले. तथापि गाळा बांधताना पाया, छत आणि फरशी यांचा जितका विचार होतो, तितका शटरचा होत नाही. दाराची रुंदी व उंची सांगून काम कारागिराकडे सोपविले जाते. परिणामी काही ठिकाणी दार उचलताना कमरेत लचक भरते, काही ठिकाणी दार एकाएकी खाली येते, तर काही ठिकाणी संकटसमयी ते उघडतच नाही. म्हणून शटर बसविण्यापूर्वी ध्यानात घ्यावयाच्या बाबींचा येथे विचार केला आहे.

शटरची रचना

शटरचे मुख्य भाग पाच. पहिला भाग म्हणजे एकमेकींत अडकविलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा पडदा. दुसरा, हा पडदा ज्यावर गुंडाळला जातो तो वरचा नळ. तिसरा, या नळावर बसविलेल्या स्प्रिंगा. चौथा, दोन्ही बाजूंच्या उभ्या खोबणी, ज्यांना कारागीर गाईड म्हणतात. पाचवा भाग म्हणजे नळास आधार देणारे कंस अर्थात ब्रॅकेट. यांखेरीज गुंडाळी झाकणारी पत्र्याची पेटी, तळाची जाड पट्टी, कड्या व कुलपे हे जोडसामान होय.

यांत स्प्रिंगेचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे. दार पूर्ण खाली असते तेव्हा लोंबणाऱ्या पडद्याचे वजन सर्वांत अधिक असते आणि स्प्रिंगही त्याच वेळी सर्वांत अधिक पिळलेली असते. दार जसजसे वर जाते तसतसे लोंबणारे वजन घटते व स्प्रिंगेचा पीळही सुटत जातो. ही दोन्ही बले एकमेकांस तोलून धरतात, म्हणूनच जड दार थोड्या जोराने उचलले जाते. समतोल साधला आहे किंवा नाही हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे. दार निम्म्यावर आणून हात हळूहळू सैल करावा. दार जागीच राहिले तर स्प्रिंग योग्य आहे. ते खाली घसरू लागले तर स्प्रिंग कमी पडते, आपोआप वर धावू लागले तर पीळ अधिक झाला आहे, असे समजावे.

चालविण्याच्या पद्धती

धातूच्या गुंडाळणाऱ्या शटरांसाठी भारतीय मानक क्रमांक ६२४८ हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. शासकीय बांधकामांत रूढ असलेला साधा नियम असा : ८ चौरस मीटरपर्यंतच्या दारास हाताने ढकलून-ओढून चालणारे साधे शटर पुरते. ८ ते १२ चौरस मीटरपर्यंत हीच पद्धत चालते, मात्र नळास बॉल बेअरिंग असले पाहिजे. त्याहून मोठे दार दातेरी चक्रांच्या यंत्रणेवर, म्हणजे साखळीने किंवा हँडलने चालणारे असावे. पत्र्याची जाडी साडेतीन मीटर रुंदीपर्यंत किमान ०.९० मि.मी. व त्यापुढे किमान १.२० मि.मी. असावी.

हा नियम तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

(१) गावातील किराणा दुकान. दार २.४ मीटर रुंद व २.४ मीटर उंच. क्षेत्रफळ ५.७६ चौरस मीटर. ०.९० मि.मी. जाडीचा सपाट पत्रा धरला तरी वजन सुमारे ४१ किलो होते. पट्ट्यांच्या वळणांमुळे प्रत्यक्ष वजन याहून बरेच अधिक भरते. येथे साधे हातशटर पुरेसे आहे.

(२) गंजातील अडत दुकान. दार ३.६ मीटर रुंद व ३ मीटर उंच. क्षेत्रफळ १०.८ चौरस मीटर. रुंदी साडेतीन मीटरहून अधिक असल्याने पत्रा १.२० मि.मी. जाडीचा हवा. सपाट पत्र्याचे वजनच सुमारे १०२ किलो होते. येथे बॉल बेअरिंग टाळून पैसे वाचविणे हे रोजच्या कष्टांना निमंत्रण होय.

(३) मालमोटार आत जाईल असे गोदाम. दार ४.२ मीटर रुंद व तितकेच उंच. क्षेत्रफळ १७.६४ चौरस मीटर, सपाट पत्र्याचे वजन सुमारे १६६ किलो. येथे साखळी, हँडल किंवा विजेची मोटार यांवाचून गत्यंतर नाही.

विजेची मोटार केव्हा घ्यावी

दिवसातून अनेक वेळा उघडझाप होणाऱ्या मोठ्या दारास मोटार सोयीची ठरते. सकाळी एकदा उघडून रात्री एकदा बंद होणाऱ्या लहान दुकानास तिची सहसा गरज नसते. मोटार घेणाऱ्याने चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली गोष्ट म्हणजे वीज नसताना हाताने दार उघडण्याची साखळी. या भागास गुलबर्गा विद्युत पुरवठा कंपनीकडून वीज मिळते. वादळी पावसात किंवा दुरुस्तीच्या वेळी पुरवठा खंडित झाला म्हणून दार अडून राहता कामा नये. ही साखळी केवळ बसवून भागत नाही. ती कशी वापरावी हे दुकानातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे. दुसरी, दार वरच्या व खालच्या टोकाशी आपोआप थांबविणारी कळ. तिसरी, यंत्रणेत बिघाड झाल्यास दार कोसळू न देणारा रोधक. चौथी, दाराखाली माणूस किंवा वस्तू आल्यास दार थांबविणारा प्रकाशकिरणाचा संवेदक. चौथे साधन परवडत नसेल तर बोटाने दाबून धरले असतानाच दार खाली येईल व बोट काढताच थांबेल असे बटण घ्यावे, आणि ते जेथून दार पूर्ण दिसते अशाच ठिकाणी बसवावे. मोटारीचे भूयोजन, म्हणजे अर्थिंग, परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. डाळ गिरणीत हवेत भुशाची बारीक धूळ असते. तेथे मोटार व कळा धूळ आत न शिरणाऱ्या बंदिस्त प्रकारच्याच असाव्यात.

जोडसामानाची निवड

कुलपे : दोन्ही बाजूंस कड्या असल्या तरी रुंद दार मधोमध पहारीने उचकटता येते. म्हणून तीन मीटरच्या आसपास किंवा अधिक रुंदीच्या दारास मध्यभागी जमिनीत अडकणारे कुलूप असावे.

जाळीचे शटर : कलबुर्गीकडील उन्हाळा कडक. पश्चिमेस तोंड असलेला पत्र्याचा पडदा दुपारी तापतो व गाळा कोंदट होतो. भाजीपाला, कांदा, चामडे अशा हवेशीर जागा मागणाऱ्या मालासाठी सळ्यांच्या जाळीचे किंवा अर्धा पत्रा व अर्धी जाळी असे शटर उपयुक्त ठरते. पावसाची झड समोरून येत असेल तेथे मात्र जाळी टाळावी.

तळाची पट्टी : धान्याच्या गोदामात उंदीर दाराखालील फटीतून शिरतात. तळाच्या पट्टीस रबर लावावे व उंबरठ्याची शहाबादी फरशी एका पातळीत बसवावी. फरशी उंचसखल असेल तर कितीही चांगले रबर फट झाकू शकत नाही.

आधार : बिदरकडील अनेक इमारती जांभ्या दगडाच्या आहेत. जांभा सच्छिद्र असतो. त्यात नुसते बोल्ट ठोकून ब्रॅकेट बसविल्यास ते कालांतराने सैल होण्याचा धोका असतो. ज्या ठिकाणी वजन पेलावयाचे तेथे काँक्रीटचे ठोकळे भिंतीत भरून त्यांतच आधार पक्का करावा.

जीविताचा प्रश्न

वरील सर्व बाबी सोयीच्या व खर्चाच्या आहेत. परंतु एक बाब जीविताची आहे. २३ मार्च २०२२ रोजी सिकंदराबादच्या बोईगुडा भागात भंगाराच्या गोदामास आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेले ११ मजूर मृत्युमुखी पडले. त्यांचा बाहेर पडण्याचा मार्ग खालच्या गोदामातूनच होता. सीमाभागातील पेठांतही हमाल, नोकर व राखणदार रात्री दुकानातच झोपतात, आणि मालक बाहेरून कुलूप लावून घरी जातो. ही प्रथा सर्वस्वी बंद झाली पाहिजे.

जेथे माणूस रात्री राहतो तेथे शटरखेरीज दुसरे, आतून उघडणारे दार असलेच पाहिजे. मागील बाजूस जागा नसेल तर शटरमध्येच लहान दार ठेवता येते. जुन्या वाड्यांच्या व किल्ल्यांच्या महाद्वारांत जो दिंडी दरवाजा असे, त्याचेच हे आजचे रूप होय. या दाराची कडी आतील बाजूस असावी व त्यास बाहेरून कुलूप लावू नये. ग्रामपंचायती व नगरपालिका भाड्याने देण्यासाठी गाळे बांधतात, तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी नकाशातच या दुसऱ्या दाराची तरतूद करावी.

देखभाल

बाजूच्या खोबणींतील धूळ दर आठवड्यास कुंच्याने काढावी. तेथे दाट ग्रीस भरू नये, कारण त्यावर धूळ बसून चिखल होतो. पातळ तेलाचा हलका हात पुरे. पावसाळ्यापूर्वी गंज घासून काढून प्रतिबंधक रंग द्यावा. पिळलेल्या स्प्रिंगेत मोठी शक्ती साठलेली असते. ती सुटल्यास हात मोडतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून स्प्रिंग सैल झाली तरी मालकाने किंवा नोकराने ती स्वतः उघडू नये. हे काम कुशल कारागिराचेच आहे.

कारागिराकडून दरपत्रक घेताना केवळ एकूण रक्कम न पाहता पत्र्याची जाडी, बॉल बेअरिंग, स्प्रिंगांची संख्या, पेटी, कुलपे, रंग आणि दुरुस्तीची मुदत ही सर्व कलमे स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत. सर्वांत स्वस्त दरपत्रकात यांपैकी कोणते कलम गाळले आहे, हे त्यामुळे तात्काळ कळून येते.

शिक्षकांनाही या विषयात वर्गासाठी चांगली सामग्री मिळेल. आपल्या गावच्या पाच दुकानांच्या दारांचे माप घेऊन क्षेत्रफळ काढणे, पत्र्याचे वजन मांडणे व कोणत्या दारास कोणती पद्धत योग्य हे ठरविणे, हा आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रात्यक्षिक पाठ ठरेल. मुलांनी मापाबरोबर आणखी एक प्रश्न प्रत्येक दुकानात विचारावा : येथे रात्री कोणी झोपते काय, आणि झोपत असल्यास त्यास बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक दुकानदाराने आजच शोधणे हिताचे आहे.