ढाब्यावरची लिंक

कन्नड

चि. भाचेबुवांस,

तलाठी भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिकेसाठी भाचेबुवांनी टेलिग्रामवरची लिंक दाबली. प्रश्नपत्रिका राहिली बाजूला, रात्रभर फोनवर ‘13 व्हायरस सापडले’ अशा पाट्या झळकत होत्या, असं मातोश्रींकडून कळलं.

चाळीसगावकडे निघालेली ट्रॅव्हल्स घाटाआधी ढाब्यावर थांबते. भूक कुणालाच नसते, ड्रायव्हरचं जेवण मात्र फुकटात होतं. जाहिरातवाल्या शॉर्ट लिंकचा धंदा हाच. 2002 मध्ये टायनीयूआरएल निघालं ते लांबलचक पत्ता आखूड करायला, बस्स. 2009 मध्ये अ‍ॅडफ्लाय आलं आणि वाटेत ढाबा उभा राहिला: पाच सेकंद जाहिरात बघा, मग ‘स्किप अ‍ॅड’. बघ्यांच्या संख्येवर लिंक टाकणाऱ्याला पैसे. फुकट पीडीएफ वाटणारे इतके उदार का, ते भाचेबुवांच्या लक्षात आलं असेल.

पाच सेकंदांचं काही नाही हो. प्रश्न ढाब्यावर बसलेल्यांचा आहे. स्लोव्हाकियातल्या इसेट कंपनीच्या संशोधकांनी जुलै 2021 मध्ये अशाच लिंकांचा माग काढला. आयफोनच्या कॅलेंडरमध्ये व्हायरसच्या खोट्या सूचना भरल्या जात होत्या. अँड्रॉइडवर तर जाहिराती अडवणारं म्हणून जे अ‍ॅप गळ्यात मारलं जाई, तेच जाहिरातींचा मारा करी. काही फोनांत त्यानं बँकेची माहिती चोरणारा सर्बेरसही आणून सोडला. चोराच्याच हाती किल्ल्या!

अशा पानावर ‘डाउनलोड’ची चार बटणं दिसली, तर सर्वांत मोठ्या बटणावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. ‘रोबोट नसाल तर अलाऊ दाबा’ म्हटलं की मागे फिरावं. खरा कॅप्चा नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही. भाचेबुवांच्या पाट्या बहुधा तिथूनच आल्या. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी नावं काढून टाकावीत. पीडीएफ मागितली आणि एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, उतरली, तर ती न उघडता पुसावी. लिंक बिटलीची असेल, तर शेवटी अधिकचं चिन्ह जोडून ती कुठे नेते ते आधी पाहता येतं.

मातोश्रींनाही सांगावं: लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची आखूड लिंक ग्रुपवर आली तर दाबू नये. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. आणि पैसे गेलेच, तर रडत न बसता तडक सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 लावावा.

प्रश्नपत्रिकांचा छापील संच इथे बसस्टँडजवळच्या दुकानात आहे. मामानं एक बाजूला ठेवायला सांगितलाय. शनिवारी येऊन न्यावा.

— मामा