गाडी घेण्याआधी

चि. सुमित,


आयटीआयचा निकाल ताईनं फोनवर सांगितला, आणि त्याच दमात तू पुण्याला येऊन स्वतःचं कंत्राट धरणार, त्यासाठी कर्जानं गाडी घेणार, हेही. पास झालास, छान झालं. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मात्र एवढं वाच.

काम भरपूर आहे. वाकड, रावेत, वाघोली, कुठंही बघ, टॉवर उभे राहतायत. पण इमारती वाढल्या तशी आम्हा ठेकेदारांकडची माणसं वाढली नाहीत. मी शिकत होतो तेव्हा एकेका इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे पंधरा-वीस पोरं बारमाही असायची. आता ठेकेदार गल्लोगल्ली, आणि कायमची पोरं प्रत्येकाकडे चार-पाच. स्लॅब आला की एकमेकांची माणसं उसनी घ्यायची.

यात मोठा हात मायवानचा. विटांच्या भिंतीत झिरी मारायला दोन बिगारी महिना महिना लागायचे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, म्हणजेच मायवानमध्ये, भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. म्हणजे पाइप, बॉक्स सगळं आधीच सळईला बांधून तयार हवं. एखादा बॉक्स सरकला किंवा पाइपात स्लरी शिरली, तर पक्की काँक्रीटची भिंत फोडावी लागते आणि तो खर्च आपल्या बिलातून कापतात. झिरीवाल्या बिगाऱ्याचं काम गेलं. ड्रॉइंग वाचून बॉक्स नेमका लेव्हलला बांधणारा माणूस मात्र दुप्पट रोजावरही मिळत नाही. शटरिंगच्या सुताराचं आणि प्लास्टरच्या गवंड्याचं कामही असंच आटलंय. गंमत बघ, २०२४ साली इस्रायलमधल्या बांधकामांसाठी आपल्या राज्यात भरती झाली, त्यात हीच कामं होती.

पण ठेकेदार माणसं कमी ठेवतो त्याचं खरं कारण पैशात आहे. हिशेब तूच कर. दहा पोरं, ८०० रुपये रोज, आठवड्याचे सहा दिवस: ४८ हजार. खर्ची दर आठवड्याला द्यावीच लागते, पोरांची घरं त्यावर चालतात. बिल मात्र मोजमाप, इंजिनिअरची सही, ऑफिसच्या चकरा करत दीड-दोन महिन्यांनी निघतं. आठ आठवड्यांत ३ लाख ८४ हजार तुझ्या खिशातून गेलेले असतात. वर ५ टक्के रिटेन्शन म्हणून राखून ठेवतात, ते मिळतं काम संपल्यावर वर्षभरानं, तेही मागे लागून. टीडीएसचा १ टक्का निदान रिटर्न भरून हिशेबात धरता येतो. या ओढाताणीत चांगले कारागीर असलेले ठेकेदार बसले. त्यांच्या हातात कसब होतं, दोन महिने दम धरायला पैसा नव्हता. गाडीचा हप्ता त्यात आणखी कशाला?

म्हणून आधी दोन वर्षं मायवानच्या साइटवर पगारी काम कर. तारतंत्रीचं परमिट काढ, मग सुपरवायझरचं सर्टिफिकेट, मग लायसन्स. दुसऱ्याच्या लायसन्सवर काम घेऊ नकोस. त्यात नफा त्याचा आणि शॉक लागून कुणी पडलं तर धावाधाव तुझी.

पुढं तुझ्या हाताखाली माणसं आली की त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होऊ दे. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम एवढीच मुख्य अट. त्या ९० दिवसांच्या दाखल्यावर सही करणं बरेच ठेकेदार टाळतात; मालक म्हणून नाव कागदावर आलं की पुढची देणी मागे लागतील, ही भीती. मंडळाचा पैसा तर बांधकामाच्या खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो, तुझं काही जात नाही. माझी बिहारची दोन पोरं छठला गावी गेली की परत माझ्याकडेच येतात, त्यात या सहीचा वाटा आहे असं मला वाटतं.

दिवाळीनंतर ये. येताना मूळ मार्कशीट, आधार आणि फोटो आण. नवीन पोराला देतो तोच रोज तुला देईन, भाचा म्हणून जास्त नाही, जेवणखाण मामीकडे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा