नदेसर कोठी : मालकांची परंपरा आणि कथनाची परंपरा

काशीतील वास्तूंचा विचार मराठी अभ्यासक बहुधा घाटांपासून सुरू करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांचा राजाघाट, बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला आणि स्वतःच्याच भाराने खचलेला शिंदे घाट : या साऱ्या वास्तूंचे तोंड गंगेकडे आहे. त्यांचा इतिहास दानपत्रे, शिलालेख आणि दप्तरे यांतून वाचता येतो. शहराच्या वायव्येस, वरुणा नदीच्या अलीकडे, सिकरौल भागात वास्तूंचा एक निराळाच वर्ग आढळतो. विस्तीर्ण बागेच्या मधोमध उभी, चहूबाजूंनी मोकळी, नदीकडे व गावाकडे सारखीच पाठ फिरविलेली अशी ही कंपनीच्या अधिकाऱ्यांची कोठी. तिच्यापाशी दानपत्र नसते. नदेसर कोठीपाशी मात्र एक ग्रंथ आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्या ग्रंथाशी निगडित आहे.

प्रथम नावाविषयी. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘नंदेसुर’, ‘नंदेश्वर’ अशा रूपांत येते, बोलण्यात ‘नदेसर’. कोणी ते नंदेश्वर शिवाशी जोडतात, कोणी वास्तूसमोरच्या नादेसरी देवीच्या मंदिराशी. व्युत्पत्ती कोणतीही धरली तरी एक गोष्ट दिसते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या या निवासाला एकाही इंग्रजाचे नाव चिकटले नाही. ज्या स्थानदेवतेच्या सान्निध्यात बाग लावली गेली, तिचेच नाव टिकले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या कोठीत सॅम्युएल डेव्हिस राहत होता. १७९५ पासून तो बनारसचा न्यायाधीश व दंडाधिकारी होता. त्याआधी, १७८३ मध्ये, सॅम्युएल टर्नरच्या वकिलातीबरोबर तो भूतानला गेला होता आणि तेथील दृश्यांची त्याने काढलेली चित्रे आजही मोलाची मानली जातात. पुढे भागलपूर येथे असताना त्याने ‘सूर्यसिद्धान्ता’चा अभ्यास केला. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या दुसऱ्या खंडात (१७९०) त्याचा हिंदूंच्या ज्योतिषगणितावरील निबंध प्रसिद्ध झाला. भारतीय पद्धतीने चंद्रग्रहण कसे गणितात हे मूळ ग्रंथाच्या आधारे पायरीपायरीने दाखविणारे युरोपीय भाषांतील हे अगदी आरंभीचे लेखन होय. तिसऱ्या खंडात (१७९२) साठ संवत्सरांच्या चक्रावर त्याने लिहिले. बृहस्पतीच्या गतीशी निगडित असलेला हा विषय दर गुढीपाडव्याला संवत्सराचे नाव ऐकणाऱ्या मराठी वाचकाला तरी परका नाही.

तथापि कोठीच्या प्रसिद्धीचे कारण ही विद्या नव्हे. अवधचा नवाब असफउद्दौला याचा दत्तक पुत्र वजीर अली १७९७ मध्ये गादीवर आला. काही महिन्यांतच, जानेवारी १७९८ मध्ये, गव्हर्नर-जनरल सर जॉन शोर याने त्याला पदच्युत केले आणि दीड लाख रुपयांची वार्षिक नेमणूक देऊन बनारसला ठेवले. त्याचा मुक्काम कबीरचौऱ्याजवळच्या माधोदासाच्या बागेत होता. १७८१ च्या ऑगस्टमध्ये चेतसिंगाच्या उठावाच्या वेळी वॉरन हेस्टिंग्ज याच बागेतून चुनारकडे निसटला होता. पदभ्रष्ट नवाबाला राहावयास तीच जागा मिळावी, यात कोणाची योजना नसली तरी इतिहासाचा तिरकसपणा मात्र आहे.

वजीर अलीला कलकत्त्यास हलविण्याचा हुकूम झाला. १४ जानेवारी १७९९ रोजी तो आपल्या माणसांनिशी कंपनीचा प्रतिनिधी जॉर्ज चेरी याच्याकडे सकाळच्या न्याहारीस गेला. तेथे चेरी मारला गेला. आणखीही काही युरोपीय प्राणास मुकले. नंतर जमाव डेव्हिसच्या कोठीवर आला. पत्नी, मुले व चाकर यांना गच्चीवर पाठवून डेव्हिसने गच्चीकडे जाणारा अरुंद जिना एका भाल्याच्या बळावर अडवून धरला. अखेरीस जनरल अर्स्किनचे घोडदळ येऊन पोहोचले. वजीर अली निसटला आणि जयपूरच्या आश्रयास गेला. तेथून तो कंपनीच्या हवाली करण्यात आला. त्याची उरलेली वर्षे फोर्ट विल्यममधील कैदेत गेली. १८१७ मध्ये तो मरण पावला.

घटनेचा हा सांगाडा झाला. त्यावर मांस चढविले ते डेव्हिसच्या मुलाने. जॉन फ्रान्सिस डेव्हिस हा चिनी भाषेचा पंडित, चिनी नाटके व कादंबऱ्या यांचा भाषांतरकार आणि १८४४ ते १८४८ या काळात हाँगकाँगचा गव्हर्नर होता. त्याने वजीर अली आणि बनारसची कत्तल यांवर जे पुस्तक लिहिले, ते वस्तुतः पितृचरित्राचा एक अध्याय आहे. त्यात न्यायाधीशाचा वीर झाला आणि घराचा गड. बाग, दालने, ग्रंथांची खोली हे सारे मागे पडून कोठी म्हणजे एक जिना असे समीकरण दृढ झाले. पुढील काळातील इंग्रजी प्रवासी-मार्गदर्शिका हेच समीकरण उचलतात. वाचकाला त्या कोठीपाशी नेतात ते जिना दाखविण्यासाठी.

ज्याने चिनी कथात्म वाङ्मय एवढ्या आस्थेने परभाषेत नेले, त्याने वजीर अलीच्या बाजूची एकही व्यक्ती कथापात्र म्हणून उभी करू नये, ही बाब तौलनिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला विचारात टाकणारी आहे. गच्चीवरचे चाकर त्याच्या कथनात उपस्थित आहेत, पण ते संख्येने. आणि ज्या पदच्युतीतून हा प्रसंग उद्भवला ती पार्श्वभूमी म्हणून येते, कारण म्हणून नव्हे. पुत्रधर्म आणि इतिहासधर्म यांत त्याने पहिला निवडला. त्याबद्दल त्याला दोष देता येईल. मात्र नंतरच्यांनी त्या निवडीलाच इतिहास मानले, हा दोष त्याचा नव्हे.

कायदेशीर मालकीचा प्रवास याहून शांतपणे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कोठीचा उल्लेख राजा शंभुनारायण सिंह यांचे निवासस्थान असा येतो. हे घराणे सैदपूर-भितरीचे. त्याचा मूळ पुरुष औसानसिंग हा चेतसिंगाचा दिवाण. पुढे तो धन्याशी बिघडून हेस्टिंग्जच्या बाजूस गेला. शंभुनारायणांचे वडील देवनारायण सिंह यांना १८६२ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या कायदे-मंडळात नेमण्यात आले. त्या पहिल्या तीन भारतीय सदस्यांत ग्वाल्हेरचे दिवाण दिनकरराव राजवाडेही होते. म्हणजे १७८१ च्या उलथापालथीत ज्यांचे बस्तान बसले, त्यांच्या वंशजांकडे १७९९ च्या प्रसंगाचे घर आले. जिन्याची कथा सांगणाऱ्यांना हा धागा कधी उपयोगाचा वाटला नाही. कोठी नंतर काशीनरेशांकडे गेली आणि राजघराण्याच्या पाहुण्यांचे निवासस्थान झाली. १९०६ मध्ये तत्कालीन युवराज, पुढे पाचवे जॉर्ज, सपत्नीक येथे उतरले होते. आज तेथे ‘नदेसर पॅलेस’ नावाचे हॉटेल आहे.

प्रवासी-वाङ्मयात या वास्तूचे कर्तृत्व कधी कधी जेम्स प्रिन्सेपकडे दिले जाते. प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत होता आणि टांकसाळ कोठीच्या शेजारीच होती, हे खरे. परंतु त्याचा जन्म ऑगस्ट १७९९ चा. डेव्हिसने जिना अडविला त्यानंतर सात महिन्यांनी. फार तर नंतरच्या फेरबदलांशी त्याचा संबंध लावता येईल. मूळ घराशी नाही.

नेमणूक घेऊन काशीत राहणाऱ्या राजपुरुषांत वजीर अली एकटा नव्हता. अमृतराव पेशव्यांनी १८०३ मध्ये कंपनीशी करार करून वार्षिक सात लाखांची नेमणूक स्वीकारली. १८२४ मध्ये त्यांचे काशीतच निधन झाले. एकाने तलवार उचलली, दुसऱ्याने घाट बांधला व अन्नदान केले. सत्ता गेल्यावर उरलेल्या प्रतिष्ठेचे काय करायचे, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत. वजीर अलीच्या उत्तरावर इंग्रजीत ग्रंथ झाला. अमृतरावांचे उत्तर दगडात राहिले, आणि ते वाचण्यासाठी नावेत बसून घाटापर्यंत जावे लागते.

डेव्हिसच्या विद्येचा वारसा मात्र कोठीच्या मालकांपैकी कोणाकडे आला नाही. तो गेला काशीच्या संस्कृत पाठशाळेत. तिची स्थापना जोनाथन डंकनने १७९१ मध्ये केली. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. १८४२ मध्ये या पाठशाळेत पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री अध्यापक म्हणून आले आणि १८६१ च्या सुमारास त्यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. डेव्हिसने ग्रहणाच्या गणितापुरता उघडलेला ग्रंथ या मराठी शास्त्र्यांनी इंग्रजी वाचकाला समग्र दिला. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ निघाला, तेव्हा या विषयाची चर्चा मराठीतच करता येऊ लागली.