आजीची मांडी आणि महामार्गाचा वेग

अकोल्याच्या जुन्या शहरात कार चालवायची म्हणजे पाय कायम ब्रेकवर. जय हिंद चौकातून निघालेली गाडी ओटे, उभ्या दुचाकी आणि मधेच बसलेली गाय चुकवत सरकते. वेगाचा काटा विशीच्या वर जात नाही. पोर आजीच्या मांडीवर, काचेला नाक लावून. मग बाळापूर नाका मागे पडतो, शेगावच्या दर्शनाला निघालेली गाडी महामार्गाला लागते आणि बघता बघता ऐंशी गाठते. पोर मात्र मांडीवरच.

“माह्या मांडीवर हाय नं, काही होत नाही त्याले,” हे उत्तर वऱ्हाडातल्या डॉक्टरांना नवं नाही. आजीच्या मायेबद्दल शंका नाही, प्रश्न हातांच्या ताकदीचा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला सुमारे १४० किलो पेलण्याइतका जोर लागतो. तो पहिलवानालाही जमायचा नाही, आणि धडक काही सांगून होत नाही. आजीने स्वतः पट्टा लावला नसेल तर तीही पुढे फेकली जाते आणि बाळ तिच्या व पुढच्या सीटच्या मधे चेंगरतं. एकाच पट्ट्यात दोघांनी बसणं त्याहून वाईट: मोठ्या माणसाचा सगळा भार पट्ट्यासकट बाळाच्या पोटावर येतो.

आणि रस्ते आता पूर्वीचे राहिले नाहीत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतोच.

मागची सीट आपोआप सुरक्षित असते, हाही एक गोड समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी महागडी, एअरबॅगवाली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, दोघंही गेले. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले.

मुलांचं शरीर म्हणजे मोठ्यांची लहान प्रत नव्हे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, आणि ते पेलणारी मान अजून कोवळी असते. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाचं डोकं धडकेत पुढे हिसकलं जातं आणि मणक्याला इजा होते. पाठ पुढच्या दिशेला असेल तर हाच धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो. स्वीडनचे डॉक्टर बर्टिल अल्डमन यांनी १९६०च्या दशकात अशी उलटी सीट तयार केली, ती अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात ते पाहून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य सीटमुळे तान्ह्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.

म्हणून बाळ किमान सव्वा वर्षाचं, शक्यतो दोन वर्षांचं होईपर्यंत उलट्या तोंडाने, मागच्या सीटवर. पुढे एअरबॅग चालू असताना अशी सीट तिथे कधीच लावू नये. फुगणारी पिशवी सीटच्या पाठीवर आदळून बाळाचा जीव घेऊ शकते. उलट्या सीटनंतर पाच पट्ट्यांची पुढे तोंड असलेली सीट, साधारण चार वर्षांपर्यंत. मग उंची १४५ ते १५० सेंटिमीटर होईस्तोवर मुलाला उंच बसवणारं बूस्टर आसन, म्हणजे पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून आणि पोटाऐवजी कंबरेच्या हाडावरून जातो.

आपल्याकडे हमखास चुकतं ते दुपट्यात. बाळाला कुंची घालून, दुपट्यात घट्ट बांधून सीटमध्ये ठेवतात. दोन पायांमधला पट्टा मग लागतच नाही आणि खांद्याचे पट्टे सैल राहतात. आधी पट्टे लावा, खांद्यापाशी जेमतेम एक बोट शिरेल इतके आवळा, दुपटं वरून पांघरा.

भाड्याच्या गाडीत वेगळीच अडचण: मागच्या पट्ट्यांची बक्कलं नक्षीदार सीट कव्हरखाली गाडलेली असतात. गाडी ठरवतानाच ती वर काढून ठेवायला सांगावं. पाच जणांच्या गाडीत सात जण कोंबले, तर पट्ट्याविना उरतात ती मुलंच. अशा वेळी दोन मोठ्यांनी एसटीने यावं, हे ऐकायला कडू आहे, पण तोच खरा सल्ला. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बीनुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा योग्य सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. नवी गाडी घेणाऱ्यांनी २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीतले मुलांसाठीचे तारेही पाहावेत. ते वेगळे दिले जातात.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल चटका देतं. मुलाला बसवण्याआधी ते आपल्या हाताने चाचपावं. आणि “झोपलंय, राहू द्या” म्हणून बंद गाडीत मूल सोडून पाच मिनिटांसाठीही दुकानात शिरू नये. लहान शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

जुन्या शहरात कारपेक्षा दुचाकीच जास्त, आणि हँडल धरून पुढे उभं राहिलेलं पोर डाबकी रोडवर रोज दिसतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. चार वर्षांपुढे हेल्मेट सगळ्यांनाच, मागे बसलेल्या आईलाही.