जुना अँटिव्हायरस काढताना आणि नवा निवडताना

तणनाशक फवारलेला पंप नीट न धुता त्याच पंपाने कपाशीवर कीटकनाशक फवारल्यास पाने आकसतात, हे विस्तार कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. दोष कीटकनाशकाचा नसतो, पंपातील अवशेषाचा असतो. घरच्या संगणकावरील अँटिव्हायरस बदलताना बहुधा हीच चूक होते. शेतकऱ्यांचे सातबारा, बँक पासबुक व आधारच्या प्रती ज्या संगणकावर साठविलेल्या असतात, तेथे ती महाग पडते.

पडद्यावरील चिन्ह किंवा फोल्डर पुसून टाकल्याने अँटिव्हायरस निघत नाही. प्रत्येक फाइल उघडताना ती तपासता यावी म्हणून हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी आतल्या थरात आपले घटक बसविते. ते तसेच राहिले आणि वर दुसरे सॉफ्टवेअर बसविले, तर दोघे एकाच फाइलवर पहारा देऊ लागतात. संगणक मंदावतो, कधी अडकतो, तर कधी एक दुसऱ्यालाच संशयित ठरवितो. दोन औषधे एकत्र केल्याने संरक्षण दुप्पट होते, हा समज येथेही चुकीचाच आहे.

प्रथम महत्त्वाच्या फाइल्सची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. परवाना क्रमांक लिहून घ्यावा. नव्या सॉफ्टवेअरची फाइल त्याच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून आधी उतरवून घ्यावी. मग 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स'मध्ये जाऊन जुने सॉफ्टवेअर 'अनइन्स्टॉल' करावे व संगणक पुन्हा सुरू करावा. तरीही अवशेष दिसल्यास त्याच कंपनीचे निर्मूलन साधन वापरावे; बहुतेक मोठ्या कंपन्या ते विनामूल्य देतात. मधल्या काळात संगणक उघडा पडत नाही, कारण विंडोज १० व ११ मधील 'डिफेंडर' सहसा आपोआप कामाला लागतो. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये त्याची खात्री करून मगच नवे बसवावे.

नवे विकत घ्यावेच का? नियमित अद्ययावत होणाऱ्या, एकाच कुटुंबाच्या संगणकास डिफेंडर बहुधा पुरेसा ठरतो, हे विक्रेता सांगणार नाही. अनेक संगणक, मुलांसाठी नियंत्रण किंवा दूरध्वनीवर मदत हवी असल्यास सशुल्क पर्याय विचारात घ्यावा. देशातच पर्याय आहेत: संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून काटकर बंधूंनी पुण्यात उभी केलेली, २००७ पर्यंत 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाची 'क्विक हील' आणि चेन्नईत १९९१ मध्ये सुरू झालेली 'के ७ कॉम्प्युटिंग'. तथापि देशी की विदेशी यापेक्षा स्वतंत्र चाचणीचे निष्कर्ष पाहावेत. जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' संरक्षण, संगणकावरील भार व वापरसुलभता यांस प्रत्येकी ६ पर्यंत गुण देते. जुन्या संगणकासाठी भाराचा रकाना आधी वाचावा; वाणाची शिफारस जमीन पाहूनच करतात.

कोणताही अँटिव्हायरस विंडोजमधील छिद्रे बुजवीत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा संगणकावर महागडे सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी विंडोज ११ चालते का, ते तपासावे. क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर घेऊच नये, कारण बोगस बियाण्याप्रमाणे पिशवीवरील नाव व आतील माल यांचा मेळ नसतो.

संगणक आधीच बाधित असल्याची शंका असेल, तर केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन'ने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर विनामूल्य सफाई साधने मिळतात. ती एकदाच्या सफाईसाठी आहेत. कायमच्या पहाऱ्यासाठी नाहीत.