कोंब राखणारे हात
शास्त्रपाठ : अनुवाद २२:६-७



घरट्यातली पिल्ले घेतली तरी पक्षिणीला सोडून द्यावे, असे या वचनांत सांगितले आहे. त्याचा अर्थ मला झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर कळला.

नाताळसाठी टोपल्यांची मागणी घेऊन मी जुलैतच बांबू तोडायला सांगितले. एक आजी म्हणाल्या, "भाऊ, आता वास्ते फुटले. आता तोडलं त बेट मरते."

पावसाळ्यात बेटातून नवे कोंब येतात. तोडणीत ते मोडतात. शिवाय ओल्या बांबूला भुंगाही लवकर लागतो. म्हणून आजी हिवाळ्यात, तेही तीन वर्षांवरचेच बांबू निवडून तोडतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आहे. हक्क असूनही त्या थांबल्या. घाई माझी होती.

मागणी रद्द झाली. त्या नाताळात आजींच्या घरी पैसा कमी आला, पण बेट राहिले. देवाने दिलेले घेताना पुढच्या वर्षाचे मूळ राखणे, हाच या पाठाचा बोध.

विचारासाठी : पुढच्या नाताळची टोपली आपण या हिवाळ्यातच सांगाल का?