मोंढ्यातला प्रश्न सोडू नको

लेकी, कायदा, नीती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता याच विषयात एलएलएम, पीएचडी करून शिकवायचं, असं तू ठरवलंस. फार बरं वाटलं. वकिलीत उभी हयात गेलेल्या माणसाचं थोडं ऐक.

वसमतच्या मोंढ्यात खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. पटलं नाही तर शेतकरी तिथंच विचारतो, कमी का? उद्या प्रत यंत्र ठरवेल, तेव्हा हा ‘का’ कुणाला विचारायचा? तुझा सगळा विषय एवढ्यात आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एरिक लूमिस नावाच्या आरोपीने 2016 साली हेच विचारलं. शिक्षा देताना न्यायाधीशांसमोर संगणकाने काढलेला धोक्याचा अंदाज होता. तो कसा निघाला ते कंपनीने व्यापारी गुपित म्हणून सांगितलं नाही. कोर्टाने सावधगिरीच्या सूचना घातल्या, पण वापर चालू ठेवला. मला तो निकाल आजही पटत नाही. तू वाच, नि तुझं मत स्वतः बनव.

पण आधी आपली राज्यघटना. 24 ऑगस्ट 2017 चा पुट्टास्वामी निकाल, नऊ न्यायमूर्तींचा, सारांशावर न भागवता पुरा वाच. खासगीपणात सरकारने हात घालायचा तर कोणत्या कसोट्या, हे त्यात आहे. मग 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घे आणि कलम 17 मधल्या सवलती त्या कसोट्यांवर घासून बघ. पहिला शोधनिबंध तिथंच सापडेल.

नेट परीक्षा वेळेत दे, त्यात घोळ नको. संख्याशास्त्राच्या मास्तरांकडे सहा महिने बस. यंत्र चुकतं कसं हे कळल्याशिवाय जबाबदार कोण, हे सांगता येत नाही.

मूळ निकाल उघडल्याशिवाय दाखला देऊ नको. न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल कोर्टात दिले. 2023 मध्ये पाच हजार डॉलर दंड झाला. दंड भरता येतो, गेलेला शब्द परत येत नाही.

आणि मराठी सोडू नको, हे मी हात धरून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता यंत्राच्या मदतीने आपल्या भाषांत येतात. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलाला परवानगी. यंत्राने त्याची ‘रजा मंजूर’ केली, हे न्यायमूर्ती भूषण गवई यांनीच सांगितलं. आपल्याकडे निजामाच्या वेळचे कागद, 1950 चा हैदराबाद कूळ कायदा, संरक्षित कूळ, मुदतखरेदी. ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा; ते घराणं समजून यंत्राने कागद वाचला, तर कसणाऱ्याची जमीन जाईल. हे दिल्लीतल्या प्राध्यापकाला सुचणार नाही, तुला सुचेल.

हळदीच्या हंगामात घरी ये. वही घेऊन मोंढ्यात आपण दोघं जाऊ.